तांब्याच्या जुन्या नाण्यांवरचा हिरवा-तपकिरी थर ही घाण नव्हे

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या पुरवणीत नुकतीच तांब्याची जुनी नाणी ‘नव्यासारखी लख्ख’ करण्याची एक कृती छापून आली. लिंबाची फोड मिठात बुडवून नाण्यावर घासावी, डाग हटत नसतील तर नाणे रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवावे आणि शेवटी टूथपेस्ट लावून जुन्या ब्रशने चोळावे, असा तिचा सारांश. सोबत एकाच नाण्याची दोन छायाचित्रे आहेत. पहिल्यात ते गडद तपकिरी, कडेला हिरवट झाक असलेले दिसते. दुसऱ्यात गुलाबीसर आणि झगझगीत. तीसहून अधिक वर्षे तांब्याची नाणी जमवणारा आणि ती भिंगाखाली न्याहाळण्यात असंख्य संध्याकाळी घालवलेला माणूस या नात्याने मला अत्यंत कळकळीने सांगायचे आहे, की पहिल्या छायाचित्रातले नाणे चांगले होते आणि दुसऱ्यातले कायमचे बिघडलेले आहे.

या कृतीच्या मुळाशी एक समजूत आहे. नाण्यावर दिसणारा तपकिरी, काळा किंवा हिरवा रंग म्हणजे वरून बसलेला मळ, तो काढला की खाली मूळ नाणे जसेच्या तसे सापडेल, अशी ती समजूत. भांड्यांच्या बाबतीत ती चालून जाते, कारण भांड्याच्या पृष्ठभागावर वाचण्यासारखे काही नसते आणि घासताना कणभर धातू गेला तरी कोणाचे अडत नाही. नाण्याचे सगळे बोलणे मात्र त्याच्या पृष्ठभागावरच असते, आणि तो रंगही बाहेरून आलेला नसतो. तो नाण्याच्याच तांब्यातून घडलेला असतो. हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन तांब्याचा अगदी वरचा भाग आधी क्युप्राइट या लालसर तपकिरी ऑक्साइडमध्ये बदलतो. पुढे त्यावर काळे ऑक्साइड चढते आणि हवेत गंधकाची संयुगे असतील तर काळपट सल्फाइडही येते. ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड यांच्या सहवासात, विशेषतः जमिनीत पुरलेल्या नाण्यांवर, मॅलकाइट हे हिरवे कार्बोनेट तयार होते, तर क्वचित ॲझुराइटची निळी छटाही उमटते. या सगळ्या थरांना मिळून संग्राहक ‘पॅटिना’ म्हणतात. मराठीत जंगाल आणि कळंक हे दोन जुने शब्द आहेत खरे, परंतु दोहोंतही दोषाचा वास आहे आणि धातूला घट्ट बिलगून बसलेल्या, हाताला गुळगुळीत लागणाऱ्या पॅटिनाला तो दोष लावणे योग्य नाही. असा सलग थर खालच्या धातूपर्यंत हवा आणि ओलावा पोहोचू देत नाही, त्यामुळे एकदा तो नीट बसला की पुढची झीज फार मंदावते. नाण्याने स्वतःसाठी विणलेले ते पांघरूण आहे.

आता लिंबू लावल्यावर काय होते ते पाहावे. सायट्रिक आम्ल ही ऑक्साइडे आणि कार्बोनेटे विरघळवते. हिरवा डाग मॅलकाइटचा असेल तर त्यावर बारीक बुडबुडेही उठताना दिसतात, तो सुटणारा कार्बन डायऑक्साइड. पाहणाऱ्याला वाटते की मळ निघतो आहे. प्रत्यक्षात तो थर ज्या तांब्यापासून बनला होता ते तांबे त्यासोबत कायमचे निघून जाते आणि पूर्वी कधीही पृष्ठभाग नसलेली, आतली, खडबडीत पातळी उघडी पडते. टाकसाळीत ठशाखाली दाबला जाताना धातू मध्यापासून कडेकडे सरकतो आणि त्याच्या अतिसूक्ष्म वाहत्या रेषा पृष्ठभागावर राहतात. न वापरलेले नाणे प्रकाशात फिरवले की चाकाच्या आऱ्यांसारखी जी झळाळी गोल फिरताना दिसते, ती या रेषांमुळे. आम्ल सर्वांत आधी त्याच रेषा खाते. म्हणून आम्लात बुडवलेले नाणे उजळ दिसले तरी त्याची झळाळी मेलेली असते. रंग कच्चा गुलाबी, चमक सपाट, आणि फिरवून पाहिले तर प्रकाश जागच्या जागी थिजून राहतो. सराईत नजरेला हा फरक हातभर अंतरावरूनही कळतो.

टूथपेस्टविषयी फार लिहीत नाही. शुद्ध तांब्याचा कठीणपणा मोहस् मापनपट्टीवर ३ च्या आसपास आहे आणि टूथपेस्टमध्ये वापरल्या जाणाऱ्या सिलिकासारख्या घर्षक कणांपुढे तो टिकत नाही. प्रत्येक चोळण्यागणिक केसासारखे समांतर ओरखडे पडतात, आणि ते सर्वांत जास्त पडतात ते उंच भागांवर, म्हणजे चेहऱ्याच्या गालावर, नाकावर आणि अक्षरांच्या माथ्यावर. रांगोळी, राख, स्टीलची घासणी, फिरता तारेचा ब्रश, साऱ्यांची तीच गत आहे.

परंतु त्या कृतीतली सर्वांत घातक वस्तू लिंबू नाही आणि टूथपेस्टही नाही. ती मीठ आहे, आणि हे पत्र लिहिण्याचे खरे कारण तेच आहे.

मी चौदा-पंधरा वर्षांचा असताना नेमकी हीच कृती केली होती. घरातल्या एका जुन्या डब्यात तांब्याचे एक जाडसर नाणे होते, तपकिरी, जुन्या लाकडासारख्या रंगाचे, हाताळून हाताळून कडा मऊ झालेले. मी त्यावर लिंबू आणि मीठ घासले. पाच मिनिटांत ते भाजून सोललेल्या त्वचेसारखे गुलाबी झाले आणि मला कमालीचा आनंद झाला. घरातल्या सगळ्यांना मी ते दाखवत हिंडलो. महिनाभरात त्यावर एक तपकिरी ठसा उमटला. तो माझ्याच अंगठ्याचा होता. घामातले क्षार आणि आम्ले उघड्या तांब्यावर लागली होती आणि बोटाच्या प्रत्येक वळीची रेघ त्यात कोरली गेली होती. भिंगाखाली ती आजही मोजता येते. पुढच्या दमट हवेच्या दिवसांत एका अक्षराच्या गोलाईत फिकट हिरव्या पुडीचा एक ठिपका दिसला. मी तो टाचणीच्या टोकाने काढला. खाली एक खड्डा होता, तळाशी मेणासारखे फिकट करडे काहीतरी. चार-सहा आठवड्यांत पुडी पुन्हा वर आली होती आणि खड्डा मोठा झाला होता. त्या वेळी मला यातले काहीच कळले नाही. मी पुन्हा लिंबू-मीठ लावले.

ज्या विकाराला ‘ब्राँझ डिसीज’ म्हणतात आणि जो नावात ब्राँझ असले तरी तांब्यालाही तितकाच होतो, तो हा. मिठातले क्लोराइड तांब्याच्या बारीक छिद्रांत शिरते आणि धातूच्या लगत क्युप्रस क्लोराइड, म्हणजे नॅन्टोकाइट नावाचे करडे, मेणचट संयुग बनवते. कोरड्या जागी ते वर्षानुवर्षे निपचित पडून राहू शकते. हवेतला ओलावा आणि ऑक्सिजन त्याच्यापर्यंत पोहोचला, की त्याचे फिकट हिरव्या, भुसभुशीत क्लोराइडयुक्त संयुगांत रूपांतर होते, आणि या बदलात हायड्रोक्लोरिक आम्ल सुटते. ते आम्ल शेजारच्या निरोगी तांब्यावर तुटून पडते, त्यातून पुन्हा क्युप्रस क्लोराइड तयार होते, त्यातून पुन्हा आम्ल. म्हणजे एकदा आत शिरलेले क्लोराइड खर्ची पडत नाही. तेच ते पुन्हा पुन्हा काम करत राहते. हे चक्र फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मार्सेलिन बर्थेलो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात उलगडून दाखवले होते. नव्या पुडीला जुन्या थरापेक्षा जास्त जागा लागते, त्यामुळे ती वरचा चांगला पृष्ठभागही आतून उचलून फोडते. जमिनीतून किंवा समुद्रातून निघालेल्या नाण्यांना हा विकार मातीतल्या आणि पाण्यातल्या क्षारांमुळे होतो, हे समजण्यासारखे आहे. शेकडो वर्षे धडधाकट राहिलेल्या नाण्यावर आपल्याच हाताने मीठ चोळून तो विकार पेरणे मात्र आपण टाळू शकतो. वरवर पाण्याखाली धुतल्याने छिद्रांत गेलेले क्लोराइड बाहेर येत नाही, हे त्या कृतीत कुठेही लिहिलेले नाही.

हिरवे दिसले की रोग, असेही कोणी समजू नये. कारण त्या भीतीपोटीही पुष्कळ चांगली नाणी घासली गेली आहेत. मॅलकाइटचा हिरवा थर गडद, कठीण आणि चिवट असतो. लाकडी टोचणीने दाबला तर तो हलत नाही, आणि वर्षानुवर्षे त्याचा आकार तोच राहतो. रोगाचा हिरवा रंग फिकट, कोवळ्या पोपटी-निळसर छटेचा असतो, पुडीसारखा असतो, टोचणी लागताच सुटतो, त्याखाली खड्डा असतो आणि मुख्य म्हणजे तो परत येतो. संशय असेल तर नाणे बंद डबीत, ओल्या कापसाचा स्पर्श न होईल अशा बेताने, त्या कापसाशेजारी एक दिवस ठेवून पाहतात. क्लोराइड जागे असेल तर ताजे हिरवे ठिपके वर येतात. ही चाचणी रोगालाच खतपाणी घालणारी आहे, त्यामुळे ती वारंवार करू नये आणि झाल्यावर नाणे लगेच कोरडे करावे, एवढी पुस्ती मला येथे जोडलीच पाहिजे.

जमिनीतून निघालेल्या नाण्यांची गोष्ट आणखी नाजूक आहे. अशा नाण्यात तांब्याचा बाहेरचा भाग पूर्णपणे गंजून गेलेला असतो, तरी नाण्याचा मूळ पृष्ठभाग नाहीसा झालेला नसतो. तो गंजाच्या थरांमध्येच, बहुतेक वेळा लाल क्युप्राइटच्या पातळीवर, आपला आकार राखून असतो. चित्र आणि अक्षरे तिथे असतात. त्याखालचा उरलेला धातू म्हणजे नुसता आकारहीन गाभा. आम्ल वरची हिरवी पुटे विरघळवून थांबत नाही, ते क्युप्राइटही नेते, आणि हातात येतो तो लख्ख, स्वच्छ आणि कोरा गाभा. ‘साफ केल्यावर कळले की त्यावर काही नव्हतेच’ असे सांगणारे लोक मला भेटले आहेत. त्यावर होते, ते बशीतल्या हिरव्या-निळ्या पाण्यात गेले.

एका जतनतज्ज्ञ बाईंच्या शेजारी बसून मी एकदा असे एक नाणे उकलताना पाहिले. सूक्ष्मदर्शकाखाली नाणे ठेवलेले, एका हातात बांबूची टोकदार काडी, दुसऱ्या हातात मऊ केसांचा छोटा ब्रश. त्या घासत नव्हत्या. हिरव्या पुटाच्या कडेला काडीचे टोक टेकवून अगदी हलका दाब देत होत्या, आणि तीळभर कपची सुटली की ब्रशने बाजूला सारत होत्या. दीड तासात नखाएवढी जागा मोकळी झाली. त्या जागेत गडद लाल, लाखेसारख्या गुळगुळीत पातळीवर दोन अक्षरे उभी होती, कडा शाबूत. मग एका कडेला त्या थांबल्या आणि मला पाहायला सांगितले. गंजात कापडाच्या विणीचा ठसा होता, आडवे-उभे धागे स्पष्ट मोजता येतील असा. कापड केव्हाच कुजून गेले होते, पण तांब्याच्या क्षारांनी त्याची जागा धाग्याधाग्याने घेतली होती. नाणे कधीकाळी पुरचुंडीत बांधलेले होते एवढे त्यावरून समजले. तो भाग त्यांनी तसाच ठेवला. लिंबाच्या फोडीने हे सगळे एका मिनिटात पुसून टाकले असते.

अशा नाण्यांवर कधी कधी चांदीचा मुलामाही असतो. रोमन सम्राट डायोक्लेशनच्या इ. स. २९४ च्या सुमाराच्या सुधारणेनंतर निघालेली तांब्याची मोठी नाणी चांदीचे पातळ पाणी चढवून चलनात आणली जात. त्या मुलाम्याचे अवशेष गंजाच्या थरांत कागदाहूनही पातळ असे टिकून असतात, आणि गंज विरघळला की त्यांचा आधार जाऊन तेही वाहून जातात. वजनाचेही तसेच आहे. कोणत्या राजवटीने कोणत्या वजनमापाला धरून नाणी पाडली हे अभ्यासक प्रत्यक्ष नाण्यांच्या वजनांवरून ताडतात, तेव्हा आम्लाने हलके झालेले नाणे त्या हिशेबात खोटी साक्ष देते.

या बाबतीत चुका फक्त हौशी लोकांनीच केल्या असे मी म्हणणार नाही. बर्लिनच्या शाही संग्रहालयांनी १८८८ मध्ये रासायनिक प्रयोगशाळा सुरू केली आणि रसायनशास्त्रज्ञ फ्रिडरिख राटगेन यांनी तेथे वस्तू जतन करण्याच्या पद्धती शास्त्रशुद्ध पायावर आणल्या. परंतु त्यांनीच रूढ केलेल्या विद्युत-रासायनिक पद्धतीने कितीतरी नाण्यांचा आणि ब्राँझ वस्तूंचा पॅटिना धातूपर्यंत उतरवला गेला. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश म्युझियमच्या वस्तू लंडनच्या भुयारी रेल्वेच्या बोगद्यांत हलवल्या होत्या, आणि परत आल्या तेव्हा दमटपणामुळे पुष्कळ वस्तूंना गंज आणि क्षारांनी ग्रासलेले होते. त्या धक्क्यातूनच तेथील प्रयोगशाळा उभी राहिली. अशा अनुभवांतून शहाणे होत होत जतनशास्त्र आज ज्या जागी आले आहे ती जागा अशी, की हस्तक्षेप कमीत कमी करावा, जे काढले ते परत लावता येत नाही हे ध्यानात ठेवावे, आणि क्ष-किरणांनी किंवा टोमोग्राफीने, म्हणजे आतल्या थरांची चित्रे घेणाऱ्या तंत्राने, न उघडताच वाचता येत असेल तर उघडूही नये. मोठमोठ्या संग्रहालयांनी शंभर वर्षे चुकत शिकलेली गोष्ट आपण एका चौकटीतल्या मजकुराने पुसून टाकू नये, असे मला मनापासून वाटते.

संग्राहकांच्या बाजारातही घासलेल्या नाण्याला मान नाही, हे ओघाने सांगतो. तांब्याच्या नाण्यांची प्रत ठरवताना मूळ लाल रंग किती उरला आहे यावरून लाल, लाल-तपकिरी आणि तपकिरी असे वेगळे गट करतात. कृत्रिम गुलाबी रंग यांपैकी कशातच बसत नाही, आणि साफ केलेल्या नाण्याला पूर्ण प्रत न देता दोषाचा शेरा मारून परत केले जाते. नाण्यांची प्रत १ ते ७० अशा अंकांत मोजण्याची जी पद्धत आज जगभर चालते ती अमेरिकी नाणेअभ्यासक विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये मांडली, आणि ती मुळात अमेरिकेच्या तांब्याच्या जुन्या मोठ्या सेंट नाण्यांसाठीच होती. तांब्याचा पृष्ठभाग किती हळवा आहे याची जाण संग्राहकांना तेव्हापासून आहे.

मग काहीच करू नये काय? करण्यासारखे थोडे आहे, आणि ते करताना घासायचे नाही एवढे पथ्य पाळायचे आहे. नाण्यावर सुटी माती असेल तर ते डिस्टिल्ड वॉटरमध्ये काही दिवस बुडवून ठेवावे, पाणी रोज बदलावे, मऊ झालेली माती मऊ ब्रशने किंवा लाकडी काडीने हलकेच उचलावी आणि मऊ कापडाने टिपून, पूर्ण वाळवून मगच ठेवावे. नळाच्या पाण्यात बहुधा क्लोरीन आणि क्षार असतात, म्हणून ते टाळलेले बरे. पीव्हीसीच्या मऊ पाकिटांत वर्षानुवर्षे राहिलेल्या नाण्यावर जो हिरवा चिकट लेप येतो, तो पॅटिना नव्हे. प्लॅस्टिकमधून झरणारे तेलकट पदार्थ आणि सुटणारे आम्ल यांनी तो तयार होतो आणि तो काढलाच पाहिजे. त्यासाठी शुद्ध ॲसिटोन चालते, नेलपॉलिश काढण्याचे द्रव चालत नाहीत, कारण त्यात रंग, सुगंध आणि तेल मिसळलेले असते. ॲसिटोन चटकन पेट घेते, तेव्हा ते काचेच्या भांड्यात, खिडकी उघडी ठेवून आणि विस्तवापासून दूर वापरावे. ऑलिव्ह तेलात नाणी महिनोन्‌महिने बुडवून ठेवण्याचा सल्लाही पुष्कळ ठिकाणी दिला जातो. तो सौम्य वाटतो, पण तेलातली मुक्त मेदाम्ले तांब्याशी संयोग करून हिरवे साबणासारखे पदार्थ बनवतात, रंग बदलतो, आणि मुरलेले तेल नंतर पूर्णपणे निघत नाही.

बॅटरी चार्जर आणि मिठाचे पाणी वापरून घरी विद्युतप्रवाहाने नाणी साफ करणाऱ्यांना मी हात जोडून विनवतो की हे करू नका. नाण्याचे नुकसान तर होतेच, शिवाय मिठाच्या द्रावणातून क्लोरीन हा विषारी वायू आणि हायड्रोजन हा स्फोटक वायू सुटतो, आणि हे प्रयोग बहुतेक वेळा बंद खोलीत, अनेकदा मुलांच्या समोर चाललेले असतात.

नाण्याला ब्राँझ डिसीज झालेला असेलच, तर उपाय आहेत, पण ते जतनतज्ज्ञाचे काम आहे. सोडियम सेस्क्विकार्बोनेटच्या द्रावणात आठवडे किंवा महिने ठेवून क्लोराइड बाहेर काढतात, त्यातही पॅटिनाचा रंग बदलण्याचा धोका असतो. बेंझोट्रायझोल हे तांब्यावर पातळ संरक्षक पटल तयार करणारे रसायन १९६७ पासून या कामी वापरात आहे, पण ते आरोग्यास अपायकारक असल्याने हातमोजे आणि खेळती हवा यांशिवाय हाताळता येत नाही. घरच्या माणसाच्या हातात खरा उपाय एकच, आणि तो म्हणजे कोरडेपणा. सापेक्ष आर्द्रता साधारण ४० टक्क्यांच्या खाली राहिली तर हे चक्र बहुतांशी थांबते. घट्ट झाकणाची डबी, त्यात सिलिका जेलची पुडी, ती ओलावली की तापवून पुन्हा कोरडी करण्याची शिस्त, आणि रोगी नाणे इतरांपासून वेगळे, एवढे कोणालाही जमण्यासारखे आहे. नाणी पॉलिएस्टरच्या पाकिटांत ठेवावीत, कडेने धरावीत, रबर बँड त्यांच्याजवळही येऊ देऊ नये कारण त्यातले गंधक तांबे काळे करते, आणि ओक लाकडाचे खण टाळावेत कारण त्या लाकडातून ॲसेटिक आम्लाची वाफ सुटत राहते.

कोणी म्हणेल, आमच्या मुलांना आम्ल आणि ऑक्साइड यांचा प्रयोग तरी दाखवू द्या. अवश्य दाखवावा, तो उत्तम प्रयोग आहे. पण त्यासाठी तांब्याच्या तारेचा एखादा काळवंडलेला तुकडा घ्यावा. हाताशी असलेली तांबूस नाणी घेतली तर ती खऱ्या अर्थाने तांब्याचीच असतील असेही नाही. अमेरिकेचे १९८२ नंतरचे सेंट तांब्याचे पातळ कवच चढवलेल्या जस्ताचे आहेत, ब्रिटनचे पेनी १९९२ पासून तांबे चढवलेल्या पोलादाचे आहे, आणि अशा नाण्यांचे कवच कुठे फाटलेले असेल तर आम्ल आतला धातू पोखरून काढते.

संपादक महोदय, ती कृती वाचून काही वाचकांनी एव्हाना घरातली नाणी लिंबू-मिठात घातलीही असतील. त्यांच्यासाठी आपण निदान एवढे तरी छापावे, ही माझी विनंती आहे: पुन्हा आम्ल लावू नका, पॉलिश लावू नका, रंग सारखा करण्याच्या भरीस पडू नका. नाणे डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवा, दोन-तीन आठवडे रोज पाणी बदला, कारण छिद्रांतले क्लोराइड सावकाश बाहेर येते. मग नीट वाळवून सिलिका जेल असलेल्या डबीत ठेवा आणि पुढचे वर्षभर महिन्यातून एकदा भिंगाखाली पाहा. गेलेला पृष्ठभाग यातून परत येणार नाही, पण उरलेले नाणे कदाचित वाचेल. शक्य झाल्यास ती दुरुस्ती मूळ मजकूर जितक्या ठळकपणे आला तितक्याच ठळकपणे यावी.

माझे ते पहिले नाणे अजून माझ्याकडे आहे. त्या अक्षराच्या जागी आता आरपार भोक आहे आणि शेजारच्या दोन अक्षरांच्या तळाच्या रेषा खाल्ल्या गेल्या आहेत. गेली एकवीस वर्षे ते कोरड्या डबीत एकटे असते, आणि या काळात नवा ठिपका आलेला नाही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी ती डबी उघडून पाहतो.

आपला विश्वासू,
एक नाणेसंग्राहक वाचक